पिकअप पाहिजे, बॉस!

आधी एक कबुली. अगदी आत्ताआत्तापर्यंत मला गाडीतल्या फक्त तीन गोष्टी कळायच्या. पेट्रोलचं झाकण कुठल्या बाजूला आहे, गाण्यांचा आवाज कुठून वाढतो आणि बंपरवरचा ओरखडा बाबांना कळायच्या आत कुठे पुसून मिळतो. बाकी बॉनेटच्या खाली जे काही चालतं ते देवाच्या आणि मेकॅनिकच्या हवाली! मग पसरणीचा घाट आला आणि सगळा सीनच बदलला.

झालं असं, की आई आणि मावशीला घेऊन मी पाचगणीला निघाले होते. गाडी आमची लाडकी २०१३ची पेट्रोल स्विफ्ट. बाबांनी चालवणं कमी केल्यावर ती रीतसर माझ्या नावावर नाही, पण हक्काने माझ्या ताब्यात आली. वाईला ढोल्या गणपतीचं दर्शन झालं, मिसळ झाली आणि आम्ही घाटाला लागलो. समोर एक एसटी, रमतगमत चाललेली. पाच मिनिटं तिचा धूर खाल्ल्यावर माझा पेशन्स संपला. थोडा सरळ रस्ता दिसला, मी इंडिकेटर दिला, बाहेर आले आणि अ‍ॅक्सिलरेटर पार तळाला टेकवला.

काहीच झालं नाही.

म्हणजे अक्षरश: काहीच नाही. इंजिनाने नुसता हुंकार दिला. गाडी एसटीच्या बरोबरीने, खिडकीतल्या प्रवाशांशी गप्पा मारता येतील अशा वेगाने चालत राहिली. आणि वळणावरून समोर जीप आली. मी ब्रेक मारून कशीबशी एसटीच्या मागे परत घुसले. जीपवाल्याने जे शब्द वापरले ते या पानावर छापता येणार नाहीत. मावशी म्हणाली, "अगो बाई!" आई काहीच बोलली नाही. वरचं हँडल घट्ट धरून पाचगणी येईपर्यंत समोर बघत बसली. परत आल्यावर मात्र शांतपणे म्हणाली, "पुढच्या वेळी मी एसटीनेच जाईन."

मंडळी, आई ओरडली असती तर चाललं असतं हो. हे जाम लागलं.

मी ठरवलं, गाडीला ताकद हवी. पिकअप हवा. नेमका एका क्लायंटचा चार महिने अडकलेला चेक त्याच आठवड्यात वटला होता. फ्रीलान्सरच्या आयुष्यात असे योग रोज येत नाहीत! बजेट पक्कं केलं: चाळीस हजार. एक रुपया जास्त नाही.

पहिला स्टॉप होता कार अ‍ॅक्सेसरीजचं एक चकाचक दुकान. काचेच्या कपाटात क्रोमचे पाइप, लाल शंकूसारखे एअर फिल्टर, भिंतीवर रेसिंगचे पोस्टर. काउंटरवरच्या मुलाने माझी व्यथा ऐकली आणि सटासट कागदावर लिहिलं. कोन टाइप एअर फिल्टर नऊ हजार, फ्री-फ्लो एक्झॉस्ट सोळा हजार, ईसीयू रीमॅप अठरा हजार. एकूण त्रेचाळीस. "मॅडम, तुमच्यासाठी चाळीस. पंचवीस टक्के पॉवर वाढणार, गॅरंटी!" बजेट बरोब्बर तेवढंच. मला तर हा दैवी संकेतच वाटला.

मामेभावाला फोन केला. त्याच्या डिझेल स्विफ्टचा रीमॅप केल्यापासून तो स्वत:ला रॅली ड्रायव्हर समजतो. म्हणाला, "डोळे मिटून करून टाक. माझी गाडी आता विमान आहे, विमान!" झालं. मी अ‍ॅडव्हान्स द्यायला निघणार, एवढ्यात बाबा म्हणाले, "आधी आपल्या काकांना दाखव."

काका म्हणजे सिंहगड रोडच्या एका गल्लीत गॅरेज चालवणारे आमचे मेकॅनिक. पोस्टर एकच, तेही गणपतीचं. त्यांनी दुकानदाराचा कागद वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "ताई, घाटात गिअर कुठला होता?"

"तिसरा."

"स्पीड?"

"पस्तीस वगैरे असेल."

काका गालातल्या गालात हसले. "चला, एक राउंड मारून येऊ."

त्या राउंडमध्ये आणि नंतरच्या दोन तासांत मला जे कळलं, ते मास कॉमच्या दोन वर्षांत कोणी शिकवलं नव्हतं. तुमचीही छोटी पेट्रोल गाडी असेल आणि 'हिला थोडी टशन आणू या' असा किडा डोक्यात वळवळत असेल, तर हे वाचा आणि मगच कार्ड स्वाइप करा.

फंडा नंबर एक: श्वास. माझ्या गाडीचं १.२ लिटरचं इंजिन कागदावर ८७ पीएसचं. त्याला टर्बो नाही. म्हणजे ते आपल्यासारखंच, बाहेरच्या हवेच्या दाबावर जेवढी हवा आत येईल तेवढ्यावर काम करतं. रीमॅप म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधली गणितं बदलणं: पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी टाकायची वगैरे. पण हवाच जास्त येणार नसेल, तर गणित बदलून बदलून किती बदलणार? टर्बो गाडीत तसं नसतं. तिथे टर्बो हवा दाबून आत कोंबतो आणि रीमॅपमध्ये तो दाबच वाढवता येतो. म्हणून मामेभावाच्या ७५ पीएसच्या टर्बो डिझेलला रीमॅप जाणवतो आणि माझ्या गाडीला त्याच पैशांत जेमतेम चार-सहा हॉर्सपॉवर मिळाले तर मिळाले. पंचवीस टक्के? विसरा. शिवाय मामेभावाचं विमान फुकट उडत नाही. वाढलेला टॉर्क क्लच आणि टर्बोच्या मानगुटीवर बसतो. ते बिल नंतर येतं आणि ते कोणी फोनवर सांगत नाही.

फंडा नंबर दोन: गार हवा. कपाटातला तो लाल शंकू दिसतो सेक्सी, पण बसतो कुठे? बॉनेटखाली, उघड्यावर, इंजिनाच्या शेजारी. आणि खातो काय? तिथली तापलेली हवा. गरम हवा विरळ असते. तीस डिग्रीच्या हवेऐवजी साठ डिग्रीची हवा ओढली, की तेवढ्याच जागेत साधारण नऊ टक्के कमी हवा भरते. म्हणजे नऊ हजार देऊन आपण आवाज विकत घेतो आणि ताकद विकतो! कंपनीचा तो बोअरिंग काळा डबा बाहेरची गार हवा ओढेल अशा बेताने बसवलेला असतो. त्याच डब्यात बसणारा, धुऊन पुन्हा वापरता येणारा फिल्टर पाच-सहा हजारांना मिळतो. तो वाईट नाही, पण त्याने एखाद-दुसरा हॉर्सपॉवर वाढला तरी आपल्याला ड्रायव्हिंग सीटवर काही कळणार नाही.

फंडा नंबर तीन: आवाज म्हणजे स्पीड नव्हे. फ्री-फ्लो एक्झॉस्टने धूर मोकळा बाहेर पडतो हे खरं. पण एवढ्याशा इंजिनात त्याचा फायदा मुख्यत: वरच्या आरपीएमला दिसतो आणि घाटात तर आपल्याला खालची-मधली ताकद हवी असते. वर कायद्याचं लफडं वेगळंच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की कंपनीने ठरवलेल्या आणि आरसी बुकात नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच ठणकावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला एकेका बदलामागे पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. आवाजाचं आणि धुराचं प्रमाण मोडलं, तर पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, शिवाय तीन महिने लायसन्स गुल. जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडतानाचे फोटो पेपरात पाहिलेत ना? त्यात आपला सोळा हजारांचा पाइप इमॅजिन करून बघा. आणि हो, इन्शुरन्स कंपनीला न सांगता इंजिनात बदल केले, तर ऐन अपघाताच्या वेळी क्लेम नाकारायला त्यांच्या हातात आयतं कारण मिळतं.

"मग काका, काहीच नाही करायचं?" मी रडवेल्या आवाजात विचारलं. शंभर ऑक्टेनचं महागडं पेट्रोल भरू का, हेही विचारून घेतलं. काकांनी मान हलवली. ऑक्टेन म्हणजे ताकद नाही. ऑक्टेन म्हणजे इंजिनातला दाब सहन करून अवेळी न पेटण्याची पेट्रोलची क्षमता. ज्या इंजिनाला साधं पेट्रोल चालतं, त्याला जास्त ऑक्टेनचं पाजून फारसा फरक पडत नाही. बदामाचं दूध प्यायलं म्हणून कोणी पैलवान होत नाही, तालीम करावी लागते!

"करायचं ना," काका म्हणाले. "गाडीची आहे ती ताकद आधी परत आणा. नवी नंतर विकत घ्या."

त्यांनी गाडी जॅकवर घेतली आणि मागचं डावं चाक हाताने फिरवलं. चाक अर्धा फेरा घेऊन थांबलं. उजवं चाक मस्त फिरत राहिलं. म्हणजे डाव्या चाकाचा ब्रेक पूर्ण सुटतच नव्हता. गेले कित्येक महिने मी हँडब्रेक अर्धवट ओढल्यासारखी गाडी चालवत होते! एअर फिल्टर काढला तर त्यात अख्ख्या हायवेच्या कामाची धूळ. थ्रॉटल बॉडीवर काळा थर. स्पार्क प्लगची टोकं झिजलेली. चार टायरांत मिळून दोनच टायरमध्ये हवा बरोबर.

मग त्यांनी टायरच्या बाजूचा एक छोटा नंबर दाखवला: २३१६. म्हणजे २०१६ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. हा चार आकडी नंबर तुमच्याही टायरवर आहे, आज ऑफिसमधून उतरल्यावर बघाच. माझ्या टायरची नक्षी कायद्याने लागते त्या १.६ मिलिमीटरपर्यंत झिजत आली होती आणि रबर दगडासारखं झालं होतं. "पॉवर वाढवून ती रस्त्याला लावणार कशाने? आणि थांबणार कशाने?" काकांचा सवाल. पाचगणीच्या वाटेवर मी जो ब्रेक मारला होता, तो या टायरांवर मारला होता. ते ऐकून पोटात खड्डाच पडला. आम्ही त्या दिवशी पिकअप नव्हता म्हणून वाचलो नव्हतो की नव्हता म्हणून अडकलो होतो, हेच कळेना.

शेवटी त्यांनी डिकी उघडली. बाबांचे जुने पेपर, कारसेवेचे डबे, न दिलेली दोन बॅडमिंटन किट, कपड्यांची पिशवी, पाण्याचे कॅन. वजनकाट्यावर नाही ठेवलं, पण चाळीस किलो सहज. आता माझं मास कॉमवालं गणित ऐका. रिकाम्या गाडीचं वजन साधारण ९६५ किलो, ताकद ८७. म्हणजे टनामागे नव्वद. चार मित्र आणि सामान मिळून तीनशे किलो चढवले, की टनामागे एकोणसत्तर. त्या हिशेबाने डिकीतले चाळीस किलो उतरवणं म्हणजे चढावर साडेतीन हॉर्सपॉवर कमावणं. तेही फुकट! अठरा हजारांच्या रीमॅपच्या जवळपास गेलो की राव.

तर हा घ्या माझा अंतिम हिशेब.

टायर चार, कंपनीच्याच साइझचे, १६५/८० आर१४: १९,२०० रुपये
अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग: १,२००
मागचे ब्रेक शू आणि दुरुस्ती: २,६००
पुढचे ब्रेक पॅड: २,२००
ब्रेक फ्लुइड आणि कूलंट: १,६००
ऑइल आणि ऑइल फिल्टर: २,९००
स्पार्क प्लगचा सेट: १,४००
साधा कागदी एअर फिल्टर: ४००
थ्रॉटल बॉडी सफाई: १,०००
मजुरी: २,०००

एकूण ३४,५००. तुमच्या शहरात, तुमच्या गाडीला आकडे थोडे इकडेतिकडे होतील. मी रुंद टायरचा हट्ट धरून पाहिला, पण काकांनी हाणून पाडला. रुंद टायर जड असतो, फिरवायला इंजिनाला जास्त जोर लागतो, म्हणजे पुन्हा पिकअपच्या नावाने बोंब. ब्रेक फ्लुइडचं मात्र त्यांनी बजावून सांगितलं. ते हवेतलं पाणी शोषतं आणि लांबलचक उतारावर ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते. मग पेडल थेट तळाला. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलायचं आणि उतारावर ब्रेकवर पाय ठेवून बसण्यापेक्षा खालच्या गिअरमध्ये उतरायचं.

आता राहिला तो गिअरचा प्रश्न. काकांनी पहिल्याच मिनिटाला विचारलेला, आणि मी मुद्दाम शेवटी ठेवलेला. कारण त्याचं उत्तर माझ्या इगोला झेपायला वेळ लागला.

माझं इंजिन सर्वांत जास्त टॉर्क देतं ४,००० आरपीएमला आणि पूर्ण ८७ पीएस देतं ६,०००ला. आणि मी? मी बाबांच्या 'अ‍ॅव्हरेज पाहिजे, गिअर लवकर टाक' या संस्कारात वाढलेली. माझा काटा आयुष्यात अडीच हजारांच्या वर गेला नव्हता. तिसऱ्या गिअरमध्ये पस्तीसच्या स्पीडला इंजिन दोन हजारांच्याही खाली फिरत होतं. तिथे ते झोपलेलं असतं. अ‍ॅक्सिलरेटर कितीही तुडवा, झोपलेला माणूस कुशीवर वळेल फक्त. त्याच स्पीडला दुसरा टाकला असता, तर काटा अडीच हजारांच्या वर उडाला असता आणि गाडी पन्नास-पंचावन्नला पोचेपर्यंत ऐन रंगात आली असती.

"ताई, गाडीत ताकद आहे. तुम्ही मागतच नाही," काका म्हणाले.

त्या राउंडला त्यांनी माझ्याकडून रिकाम्या चढावर दुसरा गिअर टाकून घेतला. काटा चार हजारांवर गेला, आवाज चढला. माझ्या मनात धाकधूक, इंजिन फुटतंय की काय! काही फुटलं नाही. लाल रेघ अजून बरीच लांब होती. आणि गाडी? अशी सुटली की मीच दचकले. कुठलाही पाइप नाही, रीमॅप नाही. ही ताकद २०१३ पासून तिथेच बसून होती.

दुकानातल्या मुलाचे दोन फोन येऊन गेले. त्याला सांगितलं, "बॉस, पिकअप मिळाला."

आता खरी परीक्षा. आईला पटवायला दोन आठवडे आणि एक पुरणपोळी लागली. पुन्हा वाई, पुन्हा पसरणी. आणि नशीब बघा, पुन्हा समोर एसटी! आईचा हात आपोआप वरच्या हँडलकडे गेला. मी मागे राहिले. एक वळण, दोन वळणं, तीन वळणं. पुढचं दिसत नव्हतं, तोवर गेलेच नाही. गाडीत कितीही ताकद आली तरी वळणापलीकडचं काही दिसत नाही, एवढी अक्कल त्या जीपवाल्याने फुकट दिली होती. मग एका लांब, स्वच्छ पट्ट्यावर एसटीच्या ड्रायव्हरने हात बाहेर काढून 'जा' म्हटलं. समोरचं मी स्वत:ही पाहून घेतलं. इंडिकेटर, दुसरा गिअर, अ‍ॅक्सिलरेटर. काटा चार हजारांवर आणि एसटी आरशात.

आई काही बोलली नाही. पण थोड्या वेळाने पाहिलं, तर तिचा हात हँडलवर नव्हता. पर्समधून आलेपाकाची वडी काढून माझ्यासमोर धरली होती.

बजेटमधले साडेपाच हजार उरले होते. त्यातले काही पेट्रोलला गेले, काही पाचगणीच्या जेवणाला आणि थोडे स्ट्रॉबेरी विथ क्रीमला. मावशीने दोन ग्लास संपवले. उरलेल्याची मी मामेभावाला ट्रीट देणार आहे. बिचाऱ्याच्या विमानाचा क्लच गेल्या आठवड्यात बसला.